गोऱ्या बाईची जुळी बहीण

परवा कंदिलात घासलेट ओतताना अर्धं मी स्वतःच्याच धोतरावर सांडलं. बायको ओरडत होती, पण मी त्या वासासरशी सासुरवाडीला रिसोडला, घासलेटच्या इंजिनावर चालणाऱ्या टुरिंग टॉकीजच्या तंबूत पोचलो होतो.

लग्न नवं होतं. सासऱ्यांनी मला पुढच्या खुर्चीवर बसवून जाहीर केलं, "आमचे जावई मॅट्रिक हायेत. इंग्रजी खेळ तेच समजावून सांगतीन." कनातीपलीकडे बायांमध्ये माझी बायको होती. तिला ऐकू जावं म्हणून मी मोठ्यानं सांगत होतो. समजत मात्र काहीच नव्हतं.

पडद्यावरची गोरी बाई कड्यावरून पडून मेली. तिचा साहेब ढसाढसा रडला. आणि लगेच तीच बाई बागेत हसत फुलं तोडू लागली!

"जावईबापू, मेलेली बाई हासून काहून राह्यली?" सासऱ्यांनी विचारलं.

"ही तिची जुळी बहीण. सूड घ्याले आली," मी ठोकून दिलं. तंबूभर माना डोलल्या.

खेळ संपल्यावर तंबूवाल्यानं हात जोडले. रिळं मागंपुढं लागली होती म्हणे. सासरे माझ्याकडे न बघता पागोटं सारखं करत राहिले. ती बाई पडली की तिला कोणी ढकललं, हे मला आजही सांगता येणार नाही.

घरी जाताना मी मान वर करत नव्हतो. बायको हळूच म्हणाली, "इंग्रजी जाऊ द्या हो. तुमची ती जुळी बहीण मले लय आवडली. तिचं लग्न कोनासंग झालं, तेवढं सांगा."