अकरा वर्षांनी आंगणात गॅस

आमच्या घमापूरच्या घरात अकरा वर्षं गॅस पेटला नाही. पैसे नव्हते म्हणून नाही, बापा! दीक्षाच्या बाबांच्या भीतीपायी. तीस वर्षं फॅक्टरीत दारूगोळा भरायच्या सेक्शनला काढली, आणि रिटायर होऊन घरी आल्यावर पहिलं काम काय केलं, तर दोन्ही सिलेंडरं परत देऊन आले. तेव्हापासून आम्ही इंडक्शनवर. लाइट गेली की भिजवलेले पोहे खा आणि गप्प बसा.

ह्याचं कारण सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं. नोकरीच्या शेवटच्या साली ह्यांच्या सेक्शनला स्फोट झाला. हे आणि गौतमभाऊ एकाच टेबलावर काम करत. हे ट्रे आणायला बाहेर गेले होते, म्हणून वाचले. गौतमभाऊ गेले. माणसाला धक्का बसतो, मी समजू शकते. पण किती वर्षं? दीक्षाला पाहायला पाहुणे आले तर ह्यांनी दारातच मुलाच्या काकाची माचिस काढून घेतली आणि जाताना परत दिली! ते लोक पुन्हा फिरकले नाहीत. मी तोंडावर घाबरट म्हणायची ह्यांना. चार लोकांतही म्हणायची. हे नुसते हसायचे.

दीक्षा घरून जेवणाच्या ऑर्डरी घेते. या नाताळात फौजी छावणीत, कँटमध्ये राहणाऱ्या रोझलिन मॅडमनं तिला अख्खी टर्की कोंबडी भाजून मागितली. मॅडमचा मुलगा सहा वर्षांनी कॅनडाहून येणार होता, आणि मॅडमला डॉक्टरनं तेल बंद केलेलं. मुलानं मागच्या वर्षी कोणाच्या तरी हाती एक मशीन पाठवलं होतं, बिनतेलाचं फ्रायर. पण ते चालतं गॅसवर आणि मोकळ्या जागेत, अन् मॅडम राहतात तिसऱ्या मजल्यावर. म्हणून मशीन आमच्या आंगणात आलं. मागून सिलेंडरही आलं.

"काहून आणलं हे?" हे दोन पावलं मागे सरले.

"बाबा, एकच दिवस. प्लीज ना."

"आंगणात आहे, घरात नाही," मी मध्ये पडली. "पोरीची पहिली मोठी ऑर्डर आहे. तुम्हाला भीती वाटते तर पांघरूण घेऊन आत बसा."

असं बोलली मी. माझी जीभ तेव्हा झडली नाही.

पंचवीस तारखेला सकाळी दहाला दीक्षानं टर्की बाहेर काढली. पाच किलोची. आदल्या रात्रीपासून लसूण, मिरे, लिंबू लावून ठेवलेली. मशीन म्हणजे दोन भिंतींचा उभा ड्रम. दोन भिंतींच्या मध्ये आग, आणि तिच्या तापानं आतला पक्षी भाजतो. तेलाचा थेंब नाही. आग काही दिसत नाही, खाली एक बोटभर भोक आहे, त्यातून लाल उजेड दिसला तर समजायचं की चालू आहे. गॅसवाल्या भैयानं पाइप, रेग्युलेटर जोडून दिलं होतं. दीक्षानं टर्की आत सोडली आणि पेटवलं.

हे दाराच्या उंबरठ्यावर बसले. आत जाईनात, बाहेर येईनात. डिसेंबरची थंडी, आणि ह्यांच्या कपाळावर घाम.

"शेवंता, जी आग दिसत नाही ना..." एवढंच म्हणाले.

"पुरे करा!" मी म्हटलं. पण खरं सांगते, आता मलाही भीती वाटत होती. त्या ड्रमातून सारखा सूं-सूं आवाज येऊन राहिला होता. मी कांदे चिरायला बसली, तीही फाटकाजवळ. दीक्षा मात्र मजेत, मशीनच्या आणि भिंतीच्या मधल्या कोपऱ्यात स्टूल टाकून मोबाइल पाहत होती.

साडेअकराला हवा सुटली. सूं-सूं चालूच होतं, पण भोकातला उजेड दिसेना. दीक्षानं वाकून पाहिलं. "विझली वाटते," म्हणाली, आणि लायटर घेतला.

"थांब!" हे ओरडले.

तिनं ऐकलं, पण लायटर दाबला गेला होता.

भप्पकन निळा लोळ वर आला. दीक्षा मागे भिंतीवर आदळली. पाइप मशीनला जिथं जोडला होता तिथून फुटला, आणि त्याच्या तोंडाशी हातभर ज्वाळ भडकली. पोरगी कोपऱ्यात अडकली. तिनं माझ्याकडे पाहिलं. 

आणि मी पळाली.

फाटक कधी उघडलं, नाली कधी ओलांडली, काही आठवत नाही. भानावर आली तेव्हा रस्त्याच्या पलीकडे शेजारीण शर्मिलाच्या ओट्यावर उभी होती. एका पायात चप्पल नव्हती. माय वं! पोटची लेक आगीत आणि मी लोकांच्या ओट्यावर!

तिथून पाहिलं तर हे चालत होते. धावत नव्हते, चालत होते. फॅक्टरीत पहिल्या दिवशी हेच शिकवतात म्हणे, काही झालं तरी धावायचं नाही, धावणारा धडकतो आणि आणखी काही पाडतो. मी इकडून किंचाळत होती, "अवो, लवकर!" हे सिलेंडरजवळ गेले, वाकले, चावी बंद केली. ज्वाळ लहान झाली, मग गेली. ह्यांनी हात पुढं केला. "ये बेटा. भिंतीला लागून ये."

मी परत आली तर दीक्षाची डावी भुवई जळाली होती, गाल लाल झाला होता. बाकी पोरगी धड होती.

मला वाटलं, आता हे मशीन नालीत फेकतात. पण म्हणाले, "चारला द्यायची आहे ना? नवा पाइप आण." गालाला पाणी मारून दीक्षा गेली आणि पाइप घेऊन आली. ह्यांनी स्वतः तो लावला, जोडावर साबणाचा फेस लावून गॅस गळतो का ते पाहिलं, हवेच्या बाजूनं पत्रा उभा केला. पेटवतानाही आम्हा दोघींना लांब उभं केलं. लायटर तीनदा निसटला. मग टर्की होईपर्यंत सिलेंडरच्या चावीवर हात ठेवून बसून राहिले. साडेतीनला तांबूस, खमंग टर्की निघाली आणि दीक्षा ऑटोनं कँटला गेली.

मी तोवर आंगणात पायरीवर बसून होती.

"अवो," मी म्हटलं, "मी पळाली. लेकीला सोडून पळाली." आणि मला रडू फुटलं.

ह्यांनी सिलेंडरची चावी अजून एकदा तपासली. मग म्हणाले, "मी ट्रे आणायला गेलो नव्हतो."

"काय?"

"मी आतच होतो. धूर दिसला. गौतमचा हात अडकला होता. तो म्हणाला, भाऊराव, थांब. मी पळालो. दाराबाहेर पडलो आणि मागं स्फोट झाला. साहेबांनी विचारलं तेव्हा ट्रेचं सांगून टाकलं."

 दर वर्षी गौतमभाऊंच्या आठवणीच्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी जातो. त्यांच्या बायकोपुढं हे मान वर करत नाहीत.

"मला आगीची भीती नव्हती, शेवंता. आग लागली तर मी पुन्हा पळीन, तुला आणि दीक्षाला सोडून पळीन, याची होती. म्हणून घरात आगच ठेवली नाही. त्या वेळी पाय आपले नसतात. तू स्वतःला बोल लावू नको."

अकरा वर्षं मी या माणसाला घाबरट म्हणत होती. मी त्यांचा हात धरला. 

"दीक्षानं पाहिलं का मला?" मी विचारलं.

"नाही," हे म्हणाले. "तिचं लक्षच नव्हतं."

साडेपाचला दीक्षा आली. मॅडमनं केक दिला होता. मॅडमचा मुलगा हाडं चाटून खाऊन राहिला होता, असं हसत सांगत होती, आणि हसताना गाल धरत होती. मग पर्समधून मलमाची ट्यूब काढून माझ्या हातात दिली, माझ्यासमोर मांडी घालून बसली, डोळे मिटले आणि तोंड पुढं केलं.

मी बोटावर मलम घेतलं. बोट तिच्या गालापर्यंत जाईना.

"दीक्षा, मी तेव्हा..."

"मालूम आहे, मम्मी," ती डोळे न उघडता म्हणाली. "लाव ना. जळून राहिलं आहे."