शालूचं नाव माझ्याच फोनातलं

आपल्या जुन्या विणकर गल्लीतल्या सगळ्या मैत्रिणींनो, सत्तरच्या दशकात आपल्याकडे दोन शालू होत्या, आठवतं ना? एक सासर सोडून आली होती. तिला आपण मागून 'पळून आलेली शालू' म्हणायचो. तोंडावर कधीच नाही.

माझ्या फोनातही मी तिचं नाव तसंच ठेवलं होतं.

मागच्या महिन्यात अनोळखी फोन कोणाचा ते सांगणारं एक अ‍ॅप मी घेतलं. त्यानं माझ्या फोनातली सगळी नावं मागितली. मी न वाचता 'हो' दाबलं.

आज सकाळी शालूनं नातीच्या होणाऱ्या सासरी फोन लावला. त्यांच्याकडेही तेच अ‍ॅप. नंबरावर नाव आलं, 'पळून आलेली शालू'. नातीच्या सासूनं तेच वाचून दाखवलं आणि विचारलं, "हे काय?"

दुपारी शालू नंदनवनमधल्या तिच्या घरून रडत माझ्याकडेच आली.

"काहून वं कमल, इतक्या वर्षांनी कोणाच्या फोनात असंल हे? तुले काही माहीत आहे?"

"मले काय माहीत वं," मी म्हटलं आणि चहा ठेवायला उठले.

तुमच्याही फोनात ती अशीच असेल, तर आजच बदला.

आणि शालू, तूही या ग्रुपवर आहेस. दुपारी मी खोटं बोलले.