नाकाचं मागचं दार

पाणी एकाच नाकपुडीतून गळत होतं, उजव्या. सर्दी झाली की दोन्ही वाहतात, एवढं कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. चार वर्षांची पोर घरापुढच्या खळ्यात बसून नाक चोळत होती आणि मी तिच्यापुढे उकिडवी बसून विचारत होते, "काय घातलंस गो नाकात?"

"कायच नाय."

बाजूला सुपात तिरफळं वाळत होती. आमच्याकडे तिरफळाशिवाय बांगड्याच्या आमटीला चव नाही. वाळलं की त्याची साल उकलते आणि आतून मिरीएवढं काळं बी पडतं. साल ठेवायची, बी टाकून द्यायचं. सकाळपासून मी तेच करत होते आणि पोर त्या बियांशी खेळत होती. तेव्हा एखादं बी गेलं असेल नाकात, त्यात काय एवढं, असं कुणीही म्हटलं असतं. सासूबाईंनी तर म्हटलंच.

पण माझ्या डोक्यात दुसरंच काही आलं होतं. आदल्या आठवड्यात पोरीला ताप आला, तेव्हा थर्मामीटरचा सेल संपला होता. मालवणच्या बाजारातून नवा आणून घातला. जुना, ब्लाऊजच्या बटणाएवढा, पडवीच्या खिडकीत ठेवून दिला, नंतर टाकू म्हणून. नव्याच्या पाकिटावर लहान मुलाचं चित्र आणि त्यावर लाल फुली होती. ते मी पाहिलं होतं. पाहूनही सेल खिडकीतच ठेवला होता. आता उठून बघायला गेले, तर खिडकी रिकामी.

परत येऊन मी पोरीचे दोन्ही हात धरले. "काळा होता काय पांढरा? खरा सांग."

तिनं थोडा विचार केला. "चकचकता," ती म्हणाली.

बीही चकचकतं आणि सेलही चकचकतो. मला तिला एक धपाटा घालावासा वाटला आणि मिठी मारून रडावंसंही वाटलं. दोन्हींतलं काहीच केलं नाही, कारण दोन्हींचा मला हक्क आहे की नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. लग्न होऊन सात महिने झाले होते. पोरीची आई ती दोन वर्षांची असताना वारली. मी पिंगुळीकडच्या भातशेतीच्या घरातून इथे तारकर्लीत, होडीवाल्यांच्या घरात आले ती या पोरीसाठीच, असं सगळे म्हणत. पोर मला कुठलीच हाक मारत नसे. "गो, पाणी दी," "गो, माझी चप्पल खंय?" नुसत्या 'गो'वर तिनं सात महिने काढले होते.

सासूबाई तपकिरीची डबी घेऊन आल्या. "चिमूटभर हुंगव तिका. शिंक इली काय भायर पडतला."

"नको," मी म्हटलं. "मी डॉक्टराकडे घेवन जातंय."

"आमच्या पोरांच्या नाकात काय कमी गेला? तेवां खंय होते डॉक्टर?"

त्यांचं चुकत नव्हतं. पण शिंकण्याआधी माणूस श्वास आत ओढतो, आणि त्या ओढीनं ते आणखी वर गेलं तर? आणि ते बी नसलंच तर? हे त्यांना सांगायचं, म्हणजे सेलचं सांगायला हवं. सांगितलं असतं तर त्या काय म्हणतील ते मला माहीत होतं. त्या काही बोलल्या नसत्या तरी गावानं एकच शब्द वापरला असता, 'सावत्र', आणि त्यापुढे कुणाला काही जोडायची गरज पडली नसती. मी भित्री होते म्हणून गप्प बसले. रिक्षा बोलावली, पोरीला उचललं आणि निघाले. सासूबाई डबी मिटून दारात उभ्या राहिल्या, नाक मुरडून.

नवरा पहाटेच होडी घेऊन गेला होता. फोन लागत नव्हता. लागला असता तरी मी काय सांगणार होते कोण जाणे.

रिक्षात पोरीच्या तोंडातून लाळ गळायला लागली. हनुवटीवरून फ्रॉकवर. मी पुसायची आणि परत यायची. ओठ चोळत ती म्हणाली, "तोंडात कसातरी होता." माझी खात्रीच पटली. सेल फुटला, आतलं पाणी घशात उतरलं, आता जळत चाललंय. तोंडचं पाणी पळतं म्हणतात, त्यात काही खोटं नाही. तिच्या तोंडाला धार लागलेली आणि माझी जीभ टाळूला चिकटलेली. रिक्षावाल्याला 'जरा जोरात घे' म्हणायला मी तोंड उघडलं, तर आवाजच फुटला नाही.

मालवणातले डॉक्टर दवाखाना बंद करून जेवायला निघाले होते. पोरीचं नाक बघून परत आत आले. ते घाटावरचे, बोलणं पुस्तकी. खुर्चीत बसवून त्यांनी टॉर्च मारला, नाकपुडी जरा वर उचलली.

"आत काहीतरी चमकतंय. पण सूज आहे, शेंबूड आहे, नीट दिसत नाही. काय गेलंय?"

"तिरफळाचं बी," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि चिमटा ठेवलेल्या ट्रेकडे वळले. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. तेवढ्यावर गप्प राहता आलं असतं.

"किंवा सेल असेल," मी म्हटलं. "थर्मामीटरचा. जुना. मीच ठेवला होता खिडकीत."

डॉक्टर वळले आणि त्यांनी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "किती वेळ झाला?"

"तास. जास्तही असेल."

मग ते भराभर बोलले. सेल असेल तर दोन नाकपुड्यांमधला पडदा जळतो, काही तासांत भोक पडू शकतं. त्यांच्याकडे ना एक्स-रे, ना आत घालून बघायची दुर्बीण. चिमट्यानं गोल वस्तू निसटते आणि मागे घशाकडे जाते. "रिक्षा थांबवून ठेवा, कुडाळला जावं लागेल. पण त्याआधी एकच उपाय करून बघू. तो आईनंच करायचा असतो."

त्यांनी औषधाच्या कागदाच्या पाठीमागे चित्र काढलं. मला आजवर वाटायचं, नाक म्हणजे वर डोक्याकडे जाणारी बंद नळी. तसं नसतं. नाकपुडी आत सरळ मागे जाते, पडवीतून माजघरात जावं तशी, आणि मागे दोन्ही नाकपुड्या एकत्र होऊन घशात उघडतात. तोंडही तिथंच उघडतं. म्हणजे तोंडातून नाकात जायला मागचं दार असतं. "तुम्ही तिच्या तोंडावर तोंड घट्ट लावा, मोकळी नाकपुडी बोटानं दाबा आणि जोरात एक फुंकर मारा. हवा मागून येऊन पुढचं ढकलते. घाबरायचं नाही. तुम्ही आई ना?"

मी उत्तर द्यायच्या आत पोर म्हणाली, "ही माझी आवस नाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मला राग आला. तिचा नाही, त्यांचाही नाही, पण आला खरा. "नाही," मी म्हटलं, "पण फुंकर मारता येते मला."

पोरीला मांडीवर आडवी घेतली. डॉक्टर म्हणाले, "पापी देते म्हणून सांगा, तोंड उघडेल." तसं सांगितलं. पोरीनं दात घट्ट आवळले आणि त्याच दातांतून म्हणाली, "माका नको तुझी पापी." मी तरी तोंड लावलं, फुंकलं, आणि हवा सगळी माझ्याच गालात राहिली. ओठ इतके कोरडे पडले होते की नीट टेकतही नव्हते. पोर लाथा झाडायला लागली. डॉक्टरांनी परत घड्याळाकडे बघितलं.

नवऱ्याचा भारदस्त आवाज, सासूबाईंचा दरारा, यातलं माझ्याकडे काहीच नव्हतं. मी टेबलावरच्या तांब्यातलं पाणी घेतलं, तोंड ओलं केलं आणि पोरीला म्हटलं, "बरा. पापी नको. मी फुगो फुगवतलंय."

लाथा थांबल्या. "फुगो खंय आसा?"

"तूच फुगो."

"मी?"

"बघूया, किती मोठो होता तो. तोंड उघड."

तिला ते बघायचं होतं. तिनं तोंड उघडलं, आ करून. मी तोंड लावलं, डावी नाकपुडी दाबली. तिच्या तोंडाला तिरफळाची चव होती. माझी जीभ झिणझिणली, तोंडाला पाणी सुटलं, आणि रिक्षातली ती लाळ कशाची होती ते मला त्याच क्षणी कळलं. पोर बिया खेळता खेळता साली चघळत बसली होती. पण नाकातलं काय ते अजून कळायचं होतं. मी हळू फुंकलं, कुठेतरी अडल्यासारखं वाटलं, आणि तिथून पुढे होता नव्हता तेवढा श्वास एका झटक्यात सोडला.

माझ्या गालावर ओलं काहीतरी आपटलं. शेंबडात लडबडलेलं, मिरीएवढं, काळं.

डॉक्टरांनी ते कापसावर घेतलं, परत टॉर्च मारून नाक तपासलं आणि म्हणाले, "बीच होतं. आत आता काही नाही." मग ते जेवायला गेले. मी तिथंच बाकावर बसून रडले. पोर माझ्या तोंडाकडे बघत होती. "मी मोठी झालय?" तिनं विचारलं.

घरी आल्यावर मी पडवीत खिडकीखाली वाकून शोधत होते. सेल होता तरी कुठं? सासूबाई अजून फुगलेल्याच होत्या. "काय शोधतंस गो?"

"बटनासारखा काय होता हयसर."

"बटन? तां मी कालच उचललंय. ब्लाऊजाचा समजान शिवणाच्या डब्यात टाकलंय."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी डबा काढून सेल माझ्या हातावर ठेवला आणि त्या चहा टाकायला गेल्या.

चार दिवसांनी दुपारी मी तिरफळं डब्यात भरत होते. पोर आली आणि न विचारता माझ्या मांडीवर आडवी झाली. डोकं मागे टाकलं, तोंड उघडलं. मी डबा बाजूला सारला. तिची हनुवटी धरून नाकपुड्या उजेडाकडे वळवल्या. "परत काय घातलंस?"

"कायच नाय," ती म्हणाली. "तरी फुगो कर."