कृपादान आबांचा मोरावळा

नातीच्या रक्तात शिसं निघालं, हे ऐकून कृपादान आबा आधी हसलेच. त्यांना वाटलं, लॅबवाल्यांनी नावांची अदलाबदल केली असणार. शिसं असतं बंदुकीच्या गोळीत. भिंगारला फौजेच्या मेसमध्ये सारी नोकरी काढलेल्या माणसाला एवढं तरी कळतं. फटाका वाजला तरी उशीत तोंड खुपसणारी आठ वर्षांची ग्लोरिया, तिच्या अंगात शिसं कुठून येणार?

समोरच्या डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. "घरी काय खाते ती? सगळं सांगा," त्या म्हणाल्या.

आबांना हा प्रश्न विचारणं म्हणजे भजनीबुवाला भजनाचा आग्रह करण्यासारखं. आबा खुर्चीत सरसावून बसले. ग्लोरिया त्यांना टेकून उभी होती. शेजारी त्यांची मुलगी एस्तेर रिपोर्टचा कागद हातात धरून तशीच बसली होती, तिकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

आबा मेसचे स्वयंपाकी. जवान आजारी पडला की डॉक्टरच्या आधी आपली खिचडी पोचायची, असं ते सांगतात आणि दर वेळी सांगताना त्या खिचडीतलं तूप वाढत जातं. बायको गेल्यावर ते एस्तेरकडे राहायला आले आणि आल्या दिवशीच गॅसचा ताबा घेतला. एस्तेर बाहेरगावच्या शाळेत शिक्षिका, जावई जोसेफ टेम्पो घेऊन कायम रस्त्यावर. तेव्हा ग्लोरियाचं खाणंपिणं सगळं आबांच्याच हाती.

पोरगी दंगेखोर नव्हती. ती हरवायची. एक मोजा पायात आणि दुसरा हातात घेऊन उभीच राहायची. अर्धं गणित लिहून खिडकीबाहेर बघत बसायची, हाक मारली की दचकायची. शाळेनं बोलावून घेतलं, तेव्हा एस्तेर तिला याच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन आली. काही मुलांना लक्ष न टिकण्याचा त्रास असतो, अभ्यासाची पद्धत बदलून बघू, गरज पडली तर औषध देऊ, असं त्या म्हणाल्या. 'औषध' शब्द कानावर पडला मात्र, आबा पेटले.

"मी जित्ता असताना पोरीला डोक्याची गोळी? एस्तेर, तू गप बस. पोटात नीट गेलं की डोकं आपसूक जाग्यावर येतंय."

एस्तेर गप्प बसली. वडिलांपुढे तिचं कधी चाललं नव्हतं. शिवाय खरं सांगायचं तर तिलाही तेच ऐकायचं होतं.

मग आबांनी मोहीमच काढली. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून बिस्किटं बंद केली, नाचणीची भाकरी, जवसाची चटणी, भिजवलेले अक्रोड आणि मुळा धरणातले मासे सुरू केले. इथवर कुणाचीच काही तक्रार नव्हती. पण आबा थांबतील तर ते आबा कसले! अ‍ॅल्युमिनियम घरातून हद्दपार झालं. माळ्यावरची पितळी पातेली खाली आली. भिंगारचा जुना कल्हईवाला केव्हाच देवाघरी गेला होता, म्हणून आबा पातेली घेऊन थेट काष्टीच्या बाजारात गेले आणि तिथं बसलेल्या एका माणसाकडून कल्हई करून आणली. पातेली अशी चकाकली की त्यात बघून आबांनी मिशी सारखी केली. त्यातच ब्राह्मी घालून मोरावळा शिजू लागला आणि त्यातच मुरू लागला. रोज सकाळी ग्लोरियाच्या तोंडात एक चमचा.

सुरुवातीला पोरगी खुलल्यासारखी वाटली. मग तिचं पोट दुखू लागलं. जेवण नको म्हणायची, चिडायची, काल पाठ केलेलं आज आठवायचं नाही. आबांनी निदान केलं, मोरावळा कमी पडतोय. एकाचे दोन चमचे झाले. शेवटी एस्तेरनं कधी नव्हे ते वडिलांचं न ऐकता ग्लोरियाला दवाखान्यात आणून रक्त तपासायला दिलं.

आबांनी ही सगळी यादी रंगवून सांगितली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मोरावळा कशात शिजवता?"

आबांची छाती फुगली. "पितळेच्या पातेल्यात, बाई. कल्हई केलेल्या. आमी स्टीलसुदा वापरत न्हाई."

"कल्हई कुणाकडून केली?"

आबांनी सांगितलं, तशी बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग हळूहळू समजावू लागल्या. कल्हई शुद्ध कथलाची असली तर भीती नाही. पण कुणी कुणी स्वस्तात पडतं म्हणून त्यात शिसं मिसळतात. चकाकी तीच, डोळ्यांना फरक कळत नाही. आवळा आंबट. आंबट पदार्थ त्यात मुरत राहिला की शिसं त्यात उतरतं. आणि लहान मुलांचा मेंदू ते सोसत नाही, आधीच न टिकणारं लक्ष आणखी तुटतं. ग्लोरियाच्या अंगात लोह कमी, त्यामुळे शिसं जास्तच भिनलं असणार.

"पातेलं तपासून घेऊच. पण आजपासून त्यातलं काही देऊ नका," त्या म्हणाल्या.

आबांना रोजची सकाळ आठवली. दोन चमचे. पोरगी नको नको म्हणत असताना, गाल धरून, लाडीगोडी लावून.

"म्हंजे बाई... मी?"

"खायला घालणं चुकलं नाही, आबा. भांडं चुकलं. नाचणी, मासे चालू ठेवा, लोहाचं औषध मी देते. पण लक्षाचा त्रास नुसत्या जेवणानं जाईल असं धरून चालू नका."

"पयल्यासारखी हुईल ना ती?"

"वेळेत सापडलंय. बघत राहावं लागेल," बाई म्हणाल्या.

एस्तेर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं आबांना टेकून उभ्या असलेल्या ग्लोरियाला हाताला धरून आपल्याकडे ओढून घेतलं, एवढंच.

रिक्षातून घरी येताना एस्तेरनं ग्लोरियाला आपल्या पलीकडे बसवलं. गल्लीच्या तोंडाशी आबा एकदम ओरडले, "सुकन्या!" रिक्षावाल्यानं घाबरून ब्रेक दाबला. शेजारच्या मालनबाईची चार वर्षांची नात सुकन्या एका जागी बसत नाही, म्हणून आबांनी आपणहून मोरावळ्याची बरणी नेऊन दिली होती. तेव्हापासून मालनबाई गल्लीभर आबांचे गुण गात होती. रिक्षा पुरती थांबायच्या आत आबा उतरले आणि धापा टाकत तिच्या दारात जाऊन पोचले.

मालनबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. "या की मेसवाले! बरं झालं आला, बरनी सरत आली."

"ती बरनी आना आधी."

"आनते, आनते. गुन आला बरं का पोरीला. आता लई निवांत बसतीया. दिसभर गप. भाईर खेळायलाबी जात न्हाई."

आबांनी दाराची चौकट घट्ट धरली. दिवसभर गप बसणारी चार वर्षांची पोरगी, आणि ही बाई हसत सांगतेय. कालपर्यंत हेच ऐकून आपणही हसलो असतो, हे त्यांच्या मनात आलं.

मालनबाईनं बरणी आणून त्यांच्या हातात दिली. आबा कसेबसे बोलले, "मालनबाई, ह्यात शिसं हाय. माज्या पातेल्यातलं. ग्लोरियाच्या रक्तात निगालंय. सुकन्याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं."

"थट्टा करता व्हय?" ती म्हणाली. मग तिनं आबांच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि तिचं हसू मावळलं. "अवो, तुमीच दिलं की हे... तुमच्यावर इस्वास ठिवला आमी."

तेवढ्यात आवाज ऐकून सुकन्या आतून आली. हल्ली तिचा चेहरा उतरलेला असायचा, आबांनी तो आज पहिल्यांदा नीट बघितला. मोरावळा आला की तोंड उघडायचं, हे तिच्या आता अंगवळणी पडलं होतं. तिनं आबांच्या हातातली बरणी पाहिली, जवळ येऊन उभी राहिली आणि मान वर करून तोंड उघडलं.