आईनं साइड दिली

अमेरिकेत, वेस्ट विंडसरला आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ एकटेच राहतात. त्यांच्या गॅरेजमध्ये शंभर वर्षांहून जुनी एक मोटार आहे. टप नसलेली, पितळी दिव्यांची, जेमतेम दोन माणसं मावतील अशी. आई नाशिकहून माझ्याकडे राहायला आली, तेव्हा तिची ओळख आधी त्या मोटारीशी झाली आणि मग मालकाशी. सकाळी फिरून परतताना ती गॅरेजपाशी थांबायची. ते इंग्रजीत सांगायचे, ती मराठीत विचारायची, आणि दोघांचं छान चालायचं. अगदीच अडलं तर मला हाक.

एकदा ते आमच्याकडे चहाला आले होते. गावाबाहेरच्या मैदानावर जुन्या मोटारींची शर्यत होणार होती. दरवर्षी ते भाग घ्यायचे, पण यंदा जाणार नव्हते.

"बायको शेजारी बसायची," ते म्हणाले. "आता पंप कोण मारणार?"

त्या मोटारीत पेट्रोल आपोआप इंजिनापर्यंत पोचत नाही. शेजारी बसलेल्याला हातपंपानं टाकीत हवा भरत राहावं लागतं. शिवाय मागेही बघायचं, कारण गाडीला आरसा नाही आणि त्यांना ऐकू कमी येतं. मी हे सगळं आईला सांगितलं.

"मग मी बसते की," आई म्हणाली. "स्टोव्हला पंप मारण्यात माझी निम्मी हयात गेली."

"आई, तुझं वय काय!"

"त्या मोटारीचं केवढं आहे? तिला कोणी नको म्हणतंय का?"

मी तिच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये हे बसतं का, याचा मनातल्या मनात विचार करत राहिले.

शर्यतीची तऱ्हा जुन्या काळातलीच ठेवली होती. मोटारी नवीन निघाल्या तेव्हा एकीचा वेग दुसरीशी जुळायचा नाही. म्हणून सगळ्यात हळू गाडी आधी सोडायची आणि सगळ्यात जोरात पळणारी शेवटी. हिशेब नीट जमला तर शेवटच्या फेरीत सगळ्या एकमेकींना गाठतात. आमच्या शेजाऱ्यांची गाडी सगळ्यात हळू, म्हणून ती पहिली सुटणार होती.

निघण्याआधी त्यांनी बायकोची चामडी टोपी आणि गॉगल आईला दिला. गॉगलचा पट्टा सैल पडत होता. तो त्यांनी स्वतःच्या हातानं आवळला, आणि क्षणभर तिच्याकडे बघतच राहिले. आईनं ओढणी कमरेला खोचली. मागच्या गाडीला पुढे जाऊ द्यायचं असेल, तर तिनं त्यांच्या खांद्यावर थाप मारायची, असं ठरलं.

झेंडा पडला. धूर सोडत, खडखडत गाडी निघाली. माझी मुलगी कुंपणावर चढून "गो आजी, गो!" म्हणून ओरडत होती. एकामागून एक बाकीच्या गाड्या सुटल्या, पण आमची काही कोणाला सापडेना. आईचा हात एकसारखा वरखाली होत होता. शेवटच्या फेरीतही ती दोघं पुढेच होती. माझा तर घसा बसला.

शेवटच्या वळणावर एक लाल मोटार त्यांच्या मागे येऊन चिकटली. तिच्या रबरी भोंग्याचा आवाज आम्हालाही ऐकू आला. पों, पों! आईनं मागे वळून बघितलं, हातानं 'या, या' केलं आणि शेजाऱ्यांच्या खांद्यावर थाप मारली. त्यांनी गाडी बाजूला घेतली. लाल मोटार पुढे निघून गेली आणि पहिली आली.

मी धावत गेले तेव्हा ते आईला विचारत होते, "थाप का मारलीत?"

मी मराठीत सांगितल्यावर आई म्हणाली, "हॉर्न वाजवत होती ना बिचारी. हॉर्न वाजला की साइड द्यायची. आपण घाटात देतो की नाही?"

मी घाबरतच हे त्यांना इंग्रजीत सांगितलं. ते हसायला लागले, आणि इतके हसले की स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले.

"माझ्या बायकोनं कधी कोणाला पुढे जाऊ दिलं नाही," ते म्हणाले. "मागे वळून शिव्या द्यायची." मग गॉगल काढून त्यांनी डोळे पुसले. आईला हे भाषांतर करून सांगावं लागलं नाही. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

लाल गाडीवाली तरुण मुलगी येऊन आईच्या गळ्यात पडली, तेव्हा कुठे आईच्या लक्षात आलं.

"म्हणजे आपला पहिला नंबर गेला?" ती माझ्यावरच उखडली. "आधी सांगायला काय झालं होतं?"

दुसऱ्या नंबरची फीत शेजाऱ्यांनी तिच्याच ओढणीला लावली. घरी येताच तिनं मावशीला व्हिडिओ कॉल केला. चेहऱ्यावरचा तेलाचा डाग मुद्दाम तसाच ठेवला होता.

"अगं, भीती नाही वाटली?" मावशीनं विचारलं.

"वाटली ना. पण पंप सोडला असता तर गाडी बंद पडली असती," आई म्हणाली, आणि गाडी कशी चालते ते तिला पहिल्यापासून समजावून सांगायला लागली.