उलट्या बाजूची काजं

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. कापड बेतताना ओठांत पाच-सहा टाचण्या धरून ती त्यांच्या फटीतूनच बोलायची, म्हणून गिऱ्हाइकांनी ते नाव चिकटवलं. ते असं चिकटलं, की खरं नाव तिच्या नवऱ्यालाही चटकन आठवलं नसतं. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातून चार दिवस घरी. बाकीचे दिवस घरात तिघीच: टाचणी, तिची सासू आणि तिची एकुलती एक लेक.

शाळेचे गणवेश शिवणं हा टाचणीचा धंदा. एकाच दुकानाचं काम, बावीस वर्षं. सगळ्या जगाला सुट्टी लागली की हिला कंबर कसावी लागे. शाळा बंद झाली की मशीन सुरू, शाळा उघडली की ही आडवी. उन्हाळा म्हणजे पांढरं कापड, निळं कापड आणि पाठीतली एक कळ. ती कळ दरवर्षी त्याच सुमाराला, आमंत्रण दिल्यासारखी हजर व्हायची आणि शेवटचा शर्ट हातावेगळा होईपर्यंत उठायची नाही.

लेकीच्या सुट्ट्याही या मशीनच्या आसपासच वाढल्या. चार वर्षांची असताना ती मशीनखाली बसून रिकाम्या रिळांची आगगाडी करायची, आणि आईचा पाय थांबला की ओरडायची, "आई, चालव ना, माझी गाडी बंद पडली!" आठव्या वर्षी बटण लावायला शिकली. दहाव्या वर्षीचा सुट्टीचा बेत असा: सकाळी दहा शर्टांची बटणं, दुपारी झोप, संध्याकाळी आजीबरोबर बागेत आणि शेवटचे आठ दिवस मामाकडे. बेत कुणी ठरवला, हा प्रश्नच नव्हता. आईनं ठरवला तो बेत. बाराव्या वर्षी मामाकडे जायचं म्हटल्यावर पहिल्यांदा नाक मुरडलं. "तिथे काय करू? मामी सारखी किती उंच झालीस, किती उंच झालीस करते." तेराव्या वर्षी आतून कडी लावून बसायची सवय लागली. आता घरात आतून कडी लागणारं दार एकच, न्हाणीघराचं. त्यामुळे त्या वर्षी सगळ्यांचीच पंचाईत झाली.

पण खुणांचं काम मात्र पोरीनं कधी सोडलं नाही. मुलांच्या शर्टाला काजं डाव्या बाजूला असतात आणि मुलींच्या उजव्या. काज पाडायच्या आधी ज्या बाजूला ते पाडायचं, तिथे लेक निळ्या खडूनं बारीकशी रेघ ओढून ठेवायची. टाचणीनं नुसती रेघ बघायची आणि मशीन मारायचं. डोकं चालवायची गरज नाही. इतक्या वर्षांत दमलेल्या माणसाला याच्याहून मोठं सुख कुठलं?

यंदा लेकीला सोळावं लागलं. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी ती दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली, "आई, मी यंदा तरणतलावावर जाणार आहे."

"पोहायला? जा की संध्याकाळी."

"पोहायला नाही गं, शिकवायला. लहान मुलांच्या वर्गाला मदतनीस हवी आहे. सरांनी मलाच विचारलं. सकाळी सात ते दुपारी एक. आणि शेवटचे आठ दिवस आम्ही चौघी मैत्रिणी एकीच्या मावशीकडे जाणार आहोत. समुद्रावर."

'जाऊ का?' असं नव्हे, 'जाणार आहोत'. टाचणीच्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं.

सासूच्या तोंडात काही नव्हतं. "आणि हे शर्ट काय समुद्रातले मासे शिवणार?"

"तू शिव ना आजी. रिकामीच तर असतेस."

"मला सुईचं भोक दिसत नाही. दिसलंच तर दोन दिसतात."

टाचणीनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून मशीनजवळच्या टाचण्यांच्या गादीला टोचल्या. सोळाव्या वर्षी तिच्या उन्हाळ्याचा बेत तिच्या आत्यानं ठरवला होता: मशीन चालवायला शिकायचं. तो बेत अजून संपला नव्हता.

"जा," ती म्हणाली. एवढंच.

जा म्हणायला काही लागत नाही, नंतर लागतं. पहिला आठवडा लेक तलावावरून ओले केस घेऊन यायची, औषधाच्या पाण्याचा वास घरभर करायची आणि जेवून खुणा करायला बसायची. दुसऱ्या आठवड्यात बसल्या बसल्या पेंगायला लागली. एकदा झोपेत स्वतःच्या गालावर खडू ओढून बसली. तिसऱ्या आठवड्यात टाचणीच म्हणाली, "राहू दे, नीज." मग आपल्या खुणा आपणच करायला लागली, मग काही दिवसांनी न करताच काजं पाडायला लागली. बावीस वर्षांत हाताला एवढंही कळू नये?

शेवटच्या आठवड्यात लेक समुद्रावर गेली. जाताना पिशवी एवढी मोठी, की आजी म्हणाली, "परत यायचंय ना?"

दुसऱ्याच दिवशी टाचणीनं सकाळभर एका शाळेच्या मुलींच्या शर्टांची काजं पाडली. तीस शर्ट, सगळी उजव्या बाजूला. चहा प्यायली, पाठ भिंतीला लावून पाच मिनिटं बसली आणि दुसऱ्या शाळेचा मुलांचा ढीग पुढे ओढला. बेचाळीस शर्ट. हात बसला होता तसाच चालला. पाठीत कळ, डोळ्यांत झापड, मशीनची टकटक. दुसऱ्या दिवशी बटणंही लावून झाली.

तिसऱ्या दिवशी सासू घड्या घालायला बसली. घडी घालायच्या आधी ती वरचं बटण लावायची, तेही डोळ्यांनी नाही, बोटांनी. पहिलं लावलं, दुसरं लावलं आणि थांबली.

"अगं, हे शर्ट मुलांचे ना?"

"हो."

"मग माझ्या पोलक्यासारखे का लागतायत?"

टाचणी उठली. एक शर्ट उघडला, दुसरा उघडला, दहावा, विसावा. मग उघडायची थांबली. बटण चुकलं तर उसवता येतं, शिलाई चुकली तर उसवता येते. काज म्हणजे कापलेलं कापड. ते काही परत जुळत नाही. माल सोमवारी द्यायचा होता आणि आज बुधवार.

सासू म्हणाली, "फोन लाव पोरीला. चार दिवस आधी आली म्हणून समुद्र आटत नाही."

टाचणीनं फोन लावला. म्हणजे बोलावून घ्यायलाच लावला, ते काही लपवण्यासारखं नाही. खुणा, बटणं, उसवणं, दोन जास्तीचे हात असते तर रविवारपर्यंत कसंतरी भागलं असतं. पलीकडून आधी लाटांचा आवाज आला, मग कुणाचं तरी खिदळणं, मग लेक धापा टाकत म्हणाली, "आई! आम्ही ना आत्ता... ए, थांबा गं, आईचा फोन आहे! बोल."

"काही नाही. जेवलीस का?"

"हो. काय झालं? शर्ट राहिले का?" मग एकदम खालच्या आवाजात, "मी येऊ का? उद्या सकाळी गाडी आहे."

आवाजातलं सगळं हसू निथळून गेलं होतं. येत नाही म्हणाली असती तर टाचणीनं तिला दोन शिव्या घालून बोलावलं असतं. पण पोर येऊ का म्हणाली, आणि ये म्हटलं तर ती खरंच येणार होती, पिशवी उचलून, तोंडातून ब्र न काढता. टाचणीनं पाठ भिंतीला लावली. ये हा शब्द अगदी ओठांवर होता. त्याला काही वजनही नव्हतं.

"कशाला?" ती म्हणाली. "झालेत सगळे."

फोन ठेवल्यावर सासूनं विचारलं, "झालेत?"

"झालेतच. उलटे झालेत, पण झालेत."

मग दुकानदाराला फोन केला. त्याला वाटलं, ही नेहमीसारखी दोरा संपला म्हणून बोलतेय.

"मालक, मुलांचा माल सोमवारी नाही मिळायचा. शुक्रवारी देईन."

"ताई, बावीस वर्षांत तुम्ही एकदा उशीर केला नाहीत."

"म्हणून तर यंदा करतेय."

"आईबापांना काय सांगू मी?"

"सांगा, बाई दमली. मुलींचे मात्र वेळेवर देते. यंदा त्यांना खिसा आहे."

"मुलींच्या शर्टाला खिसा? कुणी सांगितलं?"

"मी सांगते." मग, मनात काही ठरलेलं नसताना, तिच्या तोंडून निघून गेलं, "आणि पुढच्या वर्षी एक शाळा दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"रागावलात काय?"

"रागवायला ताकद लागते, मालक."

मुलांचे ते बेचाळीस शर्ट तिनं मुलींचे केले. त्या शाळेचं मुलामुलींचं कापड एकच. टोकदार कॉलरी उसवल्या, गोल बसवल्या. छातीवरचे खिसे तसेच राहू दिले, त्यांना उसवायचं त्राण नव्हतं. मग मुलींसाठी ठेवलेल्या कापडातून मुलांचे शर्ट नव्यानं कापायला घेतले. सासू उसवलेले दोरे बोटांनी चाचपून ओढून काढायची आणि प्रत्येक दोऱ्याला काहीतरी बोलायची. बोलणं कोणाला होतं, दोऱ्याला की समुद्राला, ते तिचं तिला ठाऊक.

मुलींचा माल सोमवारी सकाळी गेला. दुपारी लेक आली. नाकाचं साल निघालेलं, चेहरा भाजून काढल्यासारखा. दारातच तिला उसवलेल्या कॉलरींचा ढीग आणि बिनबटणांचे शर्ट दिसले.

"हे काय? तू तर म्हणालीस, झाले."

आजीनं सगळं सांगून टाकलं. डोळे वटारून तिला गप्प करणं सुनेला जमेना, कारण आजीला ते डोळेच दिसेनात.

"बेचाळीस?" लेकीचा आवाज चिरकला. "आणि मला बोलावलं नाहीस? मी काय मेले होते का? मी तिथे वाळूत बसून म्हणत होते, बरं झालं, आईचं काम संपलं!"

"म्हणूनच तर तसं सांगितलं."

"खोटारडी आहेस."

"आहे. चहा ठेव."

लेकीनं चहा ठेवला. मग कपडेही न बदलता जमिनीवर बसली, सुईत दोरा ओवला आणि एक शर्ट मांडीवर ओढला. "पुढच्या वर्षी मी पहिल्या दिवसापासून नसणार, आत्ताच सांगून ठेवते," ती रागातच म्हणाली.

"एक शाळा कमी केलीय."

लेकीनं वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. पहिलं बटण लावून दातानं दोरा तोडला. दुसऱ्या बटणाला तिनं सांगायला सुरुवात केली: रात्री गच्चीवर झोपलो, एक जण बुडता बुडता वाचली, मावशी कशी घोरते, आणि कुठली कोण ती चष्मेवाली, तिनं हिला पाठीवर तरंगायला कसं शिकवलं. यातल्या एकाही माणसाला टाचणी ओळखत नव्हती. मध्येच विचारावंसं वाटलं, कोण गं ही चष्मेवाली? पण विचारलं की पोर थांबेल, आणि थांबली की उठेल. म्हणून मान खाली घालून ती काज पाडत राहिली, डाव्या बाजूला, प्रत्येक वेळी दोनदा बघून.