पाचवे कलम

मी आयुष्यभर पूर्ण पत्रे लिहिली. एकच अपुरे लिहायला हवे होते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी शारजातील एका लँडस्केपिंग कंपनीत करारपत्रे सांभाळीत होतो. हमरिया बंदराच्या मागच्या वाळूत आम्ही घाफची झाडे लावली. घाफ म्हणजे आपली शमी. बी याच वाळूतल्या जुन्या झाडांचे असावे, अशी करारात स्पष्ट अट होती. कंपनीने ती धुडकावून परदेशातल्या भरपूर पाण्याच्या प्रदेशातली रोपे आणली, कारण ती भराभर वाढत. मी लेखी हरकत घेतली. उत्तर आले नाही.

पाणी देणारा माणूस रत्नागिरीकडचा, चाळिशीचा मुसलमान. आणलेल्या रोपांत काही मेली, तेव्हा त्याने रस्त्यापलीकडच्या जुन्या घाफाच्या शेंगा वेचून चाळीसेक रोपे केली आणि त्या जागी लावली. रांग एक, नळी एक, पाणी सारखेच.

झाडांनी मुळे खोल न्यावीत म्हणून दुसऱ्या उन्हाळ्यात करारानुसार पाणी तोडले. आणलेली झाडे शेंड्यापासून वाळत गेली. त्याची चाळीस हिरवी राहिली. काम तपासणाऱ्या कन्सल्टंटची नोटीस आली, तेव्हा मॅनेजरने ठरवले की दोष पाणीवाल्याचा. त्याचा व्हिसा रद्द होणार होता.

"साहेब, तुम्ही लिहा," तो मला म्हणाला.

मी दोन्ही प्रकारच्या सारख्याच जाडीच्या फांद्या ब्लेडने आडव्या कापून भिंगाखाली धरल्या. आणलेल्या झाडाच्या लाकडात पाणी वाहणारी छिद्रे रुंद होती. त्याच्या झाडांत बारीक आणि लाकूड घट्ट. पाणी मुबलक असेल तर रुंद नळ्या झाड झपाट्याने वाढवतात. दुष्काळात त्यांतच हवा शिरते आणि पाण्याची धार तुटते. जात एक, माती एक, पाणी एक. मग हा फरक बियातूनच आला होता. इतका स्वच्छ पुरावा मला पुन्हा कधी मिळाला नाही.

पत्राची सहा कलमे झाली, तेव्हा मी विचारले, "पाणी तोडल्यानंतर तू काही दिलेस का?"

"तीन संध्याकाळी. आमच्या पिण्याच्या ड्रममधलं. अख्ख्या रांगेला, तांब्या तांब्या. झाडाला पाणी पाजणं सवाबचं, पुण्याचं काम आहे, साहेब. हे लिहायलाच पाहिजे का?"

"पाहिजे. लपवलेले उद्या त्यांना सापडले, तर बाकीची कलमेही खोटी ठरतील."

"तुम्ही वकीलच व्हायला हवं होतं," तो हसला. "लिहा मग. खोटं थोडंच आहे!"

मी ते पाचवे कलम म्हणून घातले.

मॅनेजर मुंबईचे. त्यांनी सात कलमांपैकी एकच मोठ्याने वाचले. "तुम्हीच लिहून दिलंत की! ऑर्डर मोडून पाणी दिलं. मुळं वरच राहिली, झाडं मेली."

"पाणी अख्ख्या रांगेला दिले. मग ती चाळीस का जगली?"

"काका, ते कोण विचारतंय? कन्सल्टंटला एक कारण हवं होतं, ते तुम्ही दिलंत. खलास."

तांब्याभर पाण्याने मूळ वर येत नाही, हे शेंबडे पोरही सांगेल. मी कन्सल्टंटला लिहिले, मजूर कार्यालयाला लिहिले, पोचपावत्या जपल्या. बियांविषयीचे एकही वाक्य कुणी वाचले नाही. माणुसकीची कबुली मात्र सर्वांनी वाचली, आणि ती मी, कुणी मागितली नसताना, क्रमांक देऊन, सहीनिशी पुरवली होती. कंपनीला मी आजही क्षमा केलेली नाही. पण तिने निदान खोटेपणाने घात केला. मी सत्याने केला.

जाण्याच्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला. मी शिव्या खायला तयार होतो.

"साहेब, ते पाचवं कलम मराठीत लिहून द्या. गावाला सगळे विचारतील, का काढलं? चोरी केली असं म्हणतील. पाणी पाजलं म्हणून काढलं, हे तोंडी सांगितलं तर कुणाला पटणार नाही."

मी लिहून दिले आणि खाली सही केली. त्याने कागद हळूहळू वाचला आणि माझ्यापुढे परत सरकवला.

"तारीख राहिली, साहेब."